एकटीने दोन लहान मुलांना घेऊन लांबचा विमानप्रवास: तयारी कशी करावी?

सांजवात

दीड महिन्याने दोन मुलांना घेऊन एकटीने परदेशी जायचं आहे. प्रवासाच्या दिवशी मुलगी सव्वाचार वर्षांची असेल, वजन १६ किलो. मुलगा तेव्हा ११ महिन्यांचा होईल, आत्ताच ९ किलोच्या आसपास आहे. पहिलं विमान साडेआठ तासांचं, मग तीन तास दहा मिनिटांचा थांबा, पुढचं विमान चौदा तासांचं. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर. मुलाचं तिकीट सध्या मांडीवरच्या बाळाचं आहे, पण बदलता येईल.

विचारायचं ते असं. पाळण्याची जागा मागावी की साधी रांग बरी? दोघं झोपलेली असताना मला टॉयलेटला जायचं झालं तर काय करतात? दूध-पाणी तपासणीतून किती नेता येतं? उतरताना कान दुखू नयेत म्हणून काय द्यायचं आणि नेमकं कधी? वडील सोबत नसल्याने कोणते कागद लागतील?

आकडे, पायऱ्या आणि कुठे काय चुकतं ते लिहिलंत तर फार उपयोग होईल.

गगनभरारी

आधी जागेचं बोलतो, कारण ते काम आजच फोन करून उरकण्यासारखं आहे. पाळणा, म्हणजे बेसिनेट, विमानातल्या आडव्या भिंतीला अडकवतात; त्या विभागाच्या अगदी पहिल्या रांगेसमोर. मोठ्या विमानातही अशा जागा मोजक्याच. संकेतस्थळावर पहिली रांग निवडली म्हणजे पाळणा मिळाला असं होत नाही. विमान कंपनीकडून तिकिटावर तशी नोंद करून घ्यावी लागते, आणि तीही दोन्ही विमानांसाठी वेगवेगळी. प्रवासाला तीन दिवस उरले की पुन्हा फोन करा. ऐनवेळी विमानाचा प्रकार बदलला तर आसनांचे क्रमांक बदलतात आणि अशा नोंदी गळून जातात.

फोनवर वजन आणि लांबी दोन्ही विचारा. वजनाची मर्यादा कंपनीनुसार साधारण ९ ते १४ किलो असते. लांबी बऱ्याच पाळण्यांची ७० ते ७५ सेंटीमीटरच असते, आणि ११ महिन्यांचं मूल सहसा तेवढं झालेलं असतं. म्हणजे वजनात बसलं तरी पाय मुडपून झोपणार.

पहिल्या रांगेचे फायदे खरे आहेत: पुढे उभं राहायला जागा, पुढच्याची पाठ आपल्या अंगावर कलत नाही, मुलीचे पाय पुढच्या आसनावर आपटत नाहीत. तोटेही तितकेच खरे. तिथे टेबल आणि स्क्रीन आसनाच्या हातात दडवलेले असतात, त्यामुळे मधला हात वर होत नाही आणि मुलीला आडवं होता येत नाही. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी एकही पिशवी पायाशी ठेवू देत नाहीत, सगळं वरच्या कप्प्यात. आणि पट्टा बांधायचा दिवा लागला की झोपलेलं बाळ पाळण्यातून उचलून मांडीवर घ्यावं लागतं. हवा खराब असेल तर हे एका रात्रीत चार-पाच वेळा होऊ शकतं.

मांडीवरच्या बाळाबद्दल आणखी एक. पुष्कळ देशांच्या कंपन्या तुमच्या पट्ट्यात ओवायचा छोटा जोडपट्टा देतात, तो बाळाला लावायचा. अमेरिकी कंपन्या तो वापरत नाहीत, तिथे बाळ हातात धरायचं असतं. काहीही असो, आपलाच पट्टा आपल्याभोवती आणि बाळाभोवती मिळून कधीही लावू नका. जोराचा धक्का बसला तर मोठ्या माणसाचं सगळं वजन बाळावर येतं.

आसन परस्पर कुणाशी बदलू नका. शेजारच्या आसनांच्या एका गटात ऑक्सिजनचे मुखवटे सहसा आसनांपेक्षा एकानेच जास्त असतात, म्हणून तिथे मांडीवरचं बाळ एकच चालतं. मुखवटे पडले तर आधी स्वतःला, मग मुलांना. खूप उंचीवर ऑक्सिजनशिवाय माणसाला शुद्धीत काम करायला अर्धा-एक मिनिटच मिळतं. तुम्ही बेशुद्ध झालात तर त्या दोघांना मुखवटा लावायला कुणी उरत नाही.

मधली_रांग

गगनभरारींनी लिहिलेलं सगळं बरोबर आहे, पण त्यावरूनच माझा सल्ला उलटा निघतो. ११ महिन्यांच्या, ९ किलोच्या मुलासाठी पाळण्याच्या मागे लागू नका. साडेबावीस तास उडायचं आहे. परवडत असेल तर त्याच्यासाठी तिसरं आसन घ्या आणि त्यावर कारसीट, म्हणजे मोटारीत लावतात ती बाळाची पट्ट्यांची सीट, बसवा. बाळाला अचानक बसणाऱ्या हिसक्यांत मांडी सुरक्षित नाही, हे पहिलं कारण. दुसरं, एकट्या माणसाचे हात मोकळे होतात, आणि एकटीने जाताना त्याइतकी मोलाची गोष्ट दुसरी नाही.

रांग निवडताना खिडकीकडची तीन आसनांची बाजू घ्या. खिडकीशी कारसीट, मध्ये मुलगी, कडेला तुम्ही. तुम्हाला ओलांडल्याशिवाय दोघांपैकी कुणी बाहेर पडत नाही, आणि वाटेने जाणाऱ्या जेवणाच्या गाडीचा धक्का किंवा चहाचा थेंब त्यांच्यापर्यंत पोचत नाही. कारसीट बहुतेक ठिकाणी खिडकीशीच लावायला सांगतात, कारण आणीबाणीत कुणाची वाट अडता कामा नये. आणीबाणीच्या दाराची रांग आणि तिच्या लगतच्या पुढची-मागची रांग चालत नाही.

विकत घेण्याआधी चार गोष्टी बघा. सीटवर विमानात वापरायला मान्यता असल्याचं लेबल हवं; अमेरिकी सीटवर ते लाल अक्षरांत असतं, युरोपी सीटवर विमानासाठीचं प्रमाणपत्र वेगळं शोधावं लागतं. रुंदी ४० सेंटीमीटरच्या आत असावी, नाहीतर आसनाच्या हातांमध्ये मावत नाही. सीट फक्त कमरेच्या पट्ट्याने बांधता आली पाहिजे, कारण विमानात खांद्यावरचा पट्टा नसतो आणि मोटारीत सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हुकही नसतात. लोक इथेच फसतात: घरच्या गाडीत उत्तम बसणारी सीट विमानात बांधताच येत नाही. चौथं, मागे तोंड करून बसवायची सीट असेल तर पुढच्या प्रवाशाची पाठ कलत नाही आणि वाद होतो, तेव्हा पुढची रांग बघून घ्या.

मुलीसाठी केअर्स नावाचा खांद्याचा पट्टा सुचवतात. तो १० ते २० किलो वजनाच्या आणि साधारण १ मीटरपर्यंत उंचीच्या मुलांसाठी आहे. सव्वाचार वर्षांची बरीच मुलं उंचीत त्याच्या पुढे गेलेली असतात. मोजून बघा, बसत नसेल तर नेहमीचा कमरेचा पट्टा घट्ट लावला की झालं. पाय ठेवायला फुगवायच्या उशा किंवा आसन लांबवणारे डबे अनेक कंपन्या वापरू देत नाहीत, त्यामुळे लेखी विचारल्याशिवाय घेऊ नका.

या मार्गाची अडचण एकच, पण मोठी: ती सीट विमानतळावर वाहायची कुणी? ४ ते ७ किलो वजन असतं. बाळ झोळीत म्हणजे बेबी कॅरियरमध्ये, पाठीवर एकच बॅग, आणि कारसीट चाकांच्या घडीच्या ट्रॉलीला पट्ट्याने बांधलेली, असं जमत असेल तरच हा मार्ग घ्या. मधल्या विमानतळावर जिने आणि बस असतील तर आधीच मदतनीस मागून ठेवा.

गगनभरारी

मान्य. फक्त कारसीटचा ब्रँड आणि मापं कंपनीला आधी कळवून तिकिटावर नोंद घ्या. दारात कुणी अडवलं तर ती नोंद दाखवता येते.

वाटीचमचा

दूध आणि कान, दोन्ही हवेच्या दाबाशी बांधलेले आहेत, म्हणून एकत्र लिहिते.

विमान उंचावर असताना आतला दाब सुमारे १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवतात. त्या दाबाला जमिनीवरची कोंडलेली हवा पाव ते तिसऱ्या हिश्शाने फुगते. म्हणून जमिनीवर घट्ट बंद केलेली दुधाची बाटली वर गेल्यावर बुचातून गळते, नळीचा पेला उघडला की कारंजं उडतं, आणि बाळाच्या पोटातला गॅसही फुगून ते किरकिर करतं. बाटलीचं झाकण वर गेल्यावर आधी थोडं सैल करून हवा जाऊ द्या, मगच निपल लावा. नळीचा पेला तोंडाजवळ नेण्याआधी कापडाखाली धरून उघडा. उड्डाणानंतर बाळाला पाच मिनिटं उभं धरून ढेकर काढा.

वर चढताना कानातली जास्तीची हवा आपोआप सुटते, त्रास फारसा होत नाही. खरा त्रास उतरताना. बाहेरचा दाब वाढतो, घशापासून कानापर्यंतची नळी आपसूक उघडत नाही आणि पडदा आत ओढला जातो. गिळलं की ती उघडते. चूक होते ती वेळेची: लोक चाकं खाली आल्याचा आवाज झाल्यावर दूध देतात. खाली येणं त्याच्या अर्धा तास आधीच सुरू झालेलं असतं. समोरच्या नकाशाच्या पडद्यावर उंचीचा आकडा घसरायला लागला, किंवा इंजिनाचा आवाज मंदावला, की बाटली किंवा अंगावरचं दूध सुरू करा, आणि एकदम न संपवता थोडं-थोडं थांबून जमिनीपर्यंत पुरवा. त्या आधीच्या दीड तासात पोटभर दूध पाजू नका, नाहीतर नेमक्या वेळी ते बाटली ढकलून देतं. झोपेत माणूस फार कमी गिळतो, म्हणून जीवावर आलं तरी त्या वेळी दोघांनाही जागं करा. मुलीला नळीने पाणी प्यायला द्या. कडक गोळी किंवा च्युइंगम या वयाला देऊ नका, घशात अडकते. बाळ रडलंच तर तेही कानांना मदतच करतं, घाबरून जाऊ नका.

आता तपासणी. हातातल्या सामानात द्रवाला सहसा १०० मिलिलिटरची मर्यादा असते, पण बाळाचं दूध, निर्जंतुक पाणी आणि पातळ खाणं याला प्रवासाला पुरेल इतकी सूट बहुतेक देशांत आहे. ते वेगळ्या पारदर्शक पिशवीत वर ठेवा आणि विचारण्याआधी सांगा. बाटली उघडून किंवा यंत्रात धरून तपासू शकतात, त्याला दहा मिनिटं धरा. अमेरिकेत दूध गार ठेवायच्या जेल-पिशव्याही चालतात. ब्रिटनमध्ये गोठवलेलं आईचं दूध हातातल्या सामानात चालत नाही, द्रव रूपातलं चालतं. तुमच्या थांब्यावर पुन्हा तपासणी असू शकते, म्हणून मधल्या विमानतळाचाही नियम वाचा.

तुमचा प्रवास दारापासून दारापर्यंत किमान २९-३० तासांचा होईल. त्यात दुधाच्या पाच-सहा वेळा येतील असं धरून आणखी दोन वेळांचं घ्या. सगळ्यात सोपं आणि स्वच्छ म्हणजे तयार द्रव फॉर्म्युल्याची बंद पाकिटं. पावडर नेणार असाल तर एका वेळेची एक अशी मोजून कोरड्या डब्यांत भरा. अंधारात, एका हाताने चमचे मोजता येत नाहीत. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ती किमान ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात कालवून मग निववायला सांगते. गरम पाणी कर्मचाऱ्यांकडे भूक लागायच्या अर्धा तास आधी मागा, जेवणाच्या गाड्या फिरत असताना नाही. विमानाच्या टाकीतलं नळाचं पाणी बाळाला वापरू नका. कालवलेलं दूध दोन तासांत संपवा, बाळाने तोंड लावलं की एका तासात, उरलेलं टाकून द्या. काढून ठेवलेलं आईचं दूध २५ अंशांपर्यंत चार तास टिकतं, बर्फाच्या पिशव्यांसह थंड पिशवीत चोवीस तास.

मुलांचं जेवण तिकिटावर किमान ४८ तास आधी नोंदवा. ते आधी येतं, त्यामुळे तुमचं ताट येईपर्यंत मुलीचं उरकतं. आणि बाळ मांडीवर असताना गरम चहा-कॉफी घेऊच नका. अरुंद जागेत, हलत्या विमानात, पकडायला शिकलेलं मूल मांडीवर: भाजायला एवढं पुरेसं आहे.

सांजवात

वाटीचमचा, दाबाचं कारण कळल्यामुळे वेळ लक्षात राहील. आभार. कारसीटची मापं घेतली, रुंदी ४३ सेंटीमीटर भरली, म्हणजे दुसरी बघावी लागणार.

आणखी एक विचारते. रात्रभर झोपावीत म्हणून सर्दीचं सिरप द्यायला दोघा-तिघांनी सुचवलं आहे. ते चालतं का? आणि आदल्या दिवशी सर्दी झालीच तर?

औषधपेटी

झोपेसाठी सिरप देऊ नका, ताई. त्यातली जुन्या प्रकारची अँटिहिस्टामाइन्स, म्हणजे अॅलर्जीवरची औषधं, काही मुलांवर उलटी चालतात: झोप येण्याऐवजी मूल तासन्‌तास बेचैन, चिडचिडं होतं, आणि ते घरी कळण्याऐवजी बंद विमानात कळतं. त्याहून गंभीर म्हणजे त्यांतलंच प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचंच नसतं, श्वास मंदावतो. विमानातला ऑक्सिजनचा दाब आधीच कमी असतो हेही ध्यानात घ्या.

साधी सर्दी असेल तर प्रवास रद्द करावा लागत नाही. निघायच्या दोन-तीन दिवस आधी डॉक्टरांकडून कान आतून तपासून घ्या. पडद्यामागे संसर्ग असेल तर उडायचं की नाही ते तेच ठरवतील. नाक चोंदलेलं असेल तर उतरायला सुरुवात व्हायच्या पंधरा मिनिटं आधी नाकात साध्या सलाइनचे, म्हणजे मिठाच्या पाण्याचे, दोन-दोन थेंब. विमानातली हवा फार कोरडी असते, आर्द्रता १० ते २० टक्क्यांवर येते, त्यामुळे सर्दी नसतानाही मधूनमधून सलाइन द्यायला हरकत नाही.

पॅरासिटामॉल जवळ हवंच. मात्रा वजनावर असते, साधारण १० ते १५ मिलिग्रॅम दर किलोला, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही. पण डॉक्टरांकडून ती तुमच्याच बाटलीसाठी मिलिलिटरमध्ये लिहून घ्या, दोन्ही मुलांची वेगवेगळी. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेलं सिरप मिळतं तसंच २५० मिलिग्रॅमचंही मिळतं. बाटली बदलली आणि चमचा तोच ठेवला तर मात्रा दुपटीहून जास्त होते. चमच्याऐवजी तोंडाने द्यायची सिरिंज न्या.

प्रवासात हमखास होणारी चूक म्हणजे मात्रेची वेळ. घड्याळ मध्येच तीन तास पुढे किंवा मागे गेलं की 'शेवटचं कधी दिलं' याचा हिशेब बिघडतो. बाटलीवर कागदी चिकटपट्टी लावा आणि प्रत्येक मात्रेची वेळ निघालेल्या गावच्या घड्याळाने लिहा. पोचेपर्यंत तेच घड्याळ.

लसीचं लगेच बघा. ६ ते ११ महिन्यांच्या बाळांना परदेश प्रवासाआधी गोवराच्या लसीचा एक जादा डोस द्यावा असं अमेरिकेची सीडीसी ही संस्था सांगते. परिणाम व्हायला दोनेक आठवडे लागतात, आणि हा डोस वर्षानंतरच्या नेहमीच्या डोसमध्ये मोजत नाहीत. दीड महिना हातात आहे, या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना विचारा.

दोन_हात

तासांचा हिशेब सगळे करतात. पण एकटीने दोन मुलं नेताना चौदा तास अंगावर येत नाहीत. अंगावर येतात ती पाच-सहा ठिकाणं जिथे दोन हात पुरत नाहीत: तपासणीचा पट्टा, विमानात शिरणं, टॉयलेट, विमान बदलणं, सामानाचा पट्टा. तयारी या ठिकाणांची करा.

सामान: पाठीवर एक बॅग, छातीवर बाळ, गळ्यात कपड्यांच्या आत पासपोर्टची चपटी थैली. हातात ओढायची बॅग घेऊ नका, ती चेक-इनला जाऊ द्या. मुलीच्या पाठीला तिची तिला उचलेल अशी पिशवी, एक किलोच्या आत. पाठीवरच्या बॅगेत एक छोटी पिशवी वेगळी भरा, जी आसनाच्या खिशात जाईल. बाकी बॅग वर टाकली तरी तीन तास ती उघडावी लागू नये असं त्या पिशवीत भरायचं.

डायपरची पाकिटं करा: एक डायपर, सात-आठ वाइप्स, एक टाकायची पिशवी, सगळं एका झिप पिशवीत. एक बदल, एक पाकीट. तीन तासांना एक धरून दहा आणि उशिरासाठी पाच, अशी पंधरा. डायपर पँटसारखे घ्या, उभ्या मुलाला चढवता येतात. बदलायची घडीची फळी असलेलं टॉयलेट कुठलं ते बसल्याबरोबर विचारून ठेवा. डायपर किंवा वाइप्स कमोडमध्ये टाकू नका, निर्वात शोषणाची नळी तुंबते आणि ते टॉयलेट उरलेल्या प्रवासभर सगळ्यांसाठी बंद होतं. कपडे बाळाचे तीन जोड, मुलीचे दोन, आणि तुमच्यासाठी एक पूर्ण बदल. शेवटचा बहुतेकजण विसरतात, आणि उलटी सर्वात आधी आईच्याच अंगावर होते.

तपासणी: रांगेत असतानाच खिसे, पट्टा, घड्याळ रिकामं करून जॅकेटच्या खिशात टाका. बाळाला सहसा झोळीतून आणि बाबागाडीतून बाहेर काढायला लावतात. क्रम असा ठेवा: आधी दुधाची पिशवी, मग जॅकेटं, मग बॅग, शेवटी घडी केलेली गाडी. तुमची कमानीतून जायची पाळी आल्याशिवाय पासपोर्टची थैली पट्ट्यावर सोडू नका, नाहीतर ती पलीकडे एकटी पडून राहते. मुलीला तुमच्या लगेच पुढे चालवा, म्हणजे ती नजरेत राहते.

विमानात शिरताना मुलांसाठीची पहिली हाक घ्या. मुलांना जितकं कमी बसावं लागेल तितकं बरं म्हणून शेवटी चढायचा सल्ला दोन मोठी माणसं असतील तेव्हा ठीक. एकटीला मात्र डोक्यावरचा कप्पा आपल्याच रांगेचा मिळणं फार महत्त्वाचं आहे. दहा रांगा मागे बॅग गेली तर मुलांना सोडून तिथवर जाता येत नाही.

टॉयलेट: पट्ट्याचा दिवा विझल्याबरोबर, जेवणाच्या गाड्या निघायच्या आत एकदा, गाड्या आल्या की वाट तासभर बंद. उतरण्याच्या सव्वा ते दीड तास आधी दुसऱ्यांदा, त्यानंतर रांग लागते. दोघं जागी असतील तर बाळ झोळीत आणि मुलगी सोबत. दोन वाटा असलेल्या मोठ्या विमानात सहसा एखादं टॉयलेट रुंद असतं, ते विचारा. फ्लशचा आवाज बंदुकीसारखा येतो आणि चार वर्षांची मुलं त्यानंतर टॉयलेटला जायलाच नकार देतात, म्हणून तिला आधी बाहेर काढा, झाकण लावा, मग बटण दाबा. दोघं झोपलेली असतील तर कर्मचाऱ्यांना बोलावणाऱ्या बटणाने बोलवा आणि सरळ सांगा, 'मी एकटी आहे, चार मिनिटं इथे उभ्या राहाल का?' त्यांना बाळ हातात घ्यायला सांगू नका, काही ठिकाणी त्यांना मनाई असते. उभं राहायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. बाळाला कारसीटचा पट्टा, मुलीला तिचा पट्टा लावलेलाच असू द्या.

झोप: पहिल्या विमानात नेहमीचे रात्रीचे कपडे, नेहमीचं दुपटं, नेहमीचा क्रम. मुलीचा पट्टा पांघरुणावरून दिसेल असा लावा, म्हणजे दिवा लागल्यावर तपासायला तिला उठवत नाहीत. जमिनीवर झोपवू नका. तिथे मुखवटा पोचत नाही आणि हिसका बसला तर मूल उडतं. बाळ कुशीत असताना तुमचे डोळे मिटायला लागले की ते कारसीटमध्ये किंवा पाळण्यात ठेवा. थकलेल्या माणसाच्या आणि आसनाच्या सांदीत बाळाचं नाक दबू शकतं.

खेळणी थोडी आणि लहान. पुन्हा काढून चिकटवता येणारे स्टिकर आणि कागदी चिकटपट्टीचा रोल हे दोन्ही वयांना तासभर पुरतात. टॅब्लेटवर उतरवलेलं सगळं घरीच विमान मोडवर चालवून बघा, काही अॅप नेटशिवाय उघडत नाहीत. हेडफोन ८५ डेसिबलला थांबणारे आणि तारेचे घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा, १०० वॉट-तासांच्या आतली. बॅग दारात काढून घेतली तर आधी पॉवर बँक बाहेर काढा.

शिक्कामोर्तब

एकच पालक मुलांना देशाबाहेर नेत असेल तर सीमेवर विचारणा होऊ शकते, कारण मुलांच्या अपहरणाविरुद्धचा १९८० चा हेग करार पाळणारे देश याबाबत दक्ष असतात. कॅनडा संमतीपत्राची शिफारस करतो. ब्राझीलसारखे देश आपल्या नागरिक मुलांना दुसऱ्या पालकाच्या परवानगीशिवाय बाहेर सोडत नाहीत. निघण्याचा, थांब्याचा आणि पोचण्याचा, तिन्ही देशांचा नियम त्यांच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर वाचा.

संमतीपत्रात हे हवं: मुलांची पासपोर्टप्रमाणे पूर्ण नावं, जन्मतारखा, पासपोर्ट क्रमांक, कुणासोबत जात आहेत, जाण्या-येण्याच्या तारखा, थांब्यासह सगळे देश, न येणाऱ्या पालकाचा फोन आणि सही. सही नोटरीसमोर, पत्र अलीकडच्या तारखेचं. परतीचा प्रवास त्यात घालायला विसरू नका, बरीच पत्रं फक्त जाण्याची लिहिलेली असतात. सोबत त्या पालकाच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत आणि मुलांचे जन्मदाखले, दोन्ही पालकांची नावं असलेले. मुलांचं आणि तुमचं आडनाव वेगळं असेल तर जन्मदाखला अत्यावश्यक समजा. एकच पालक कायदेशीर ताबेदार असेल तर न्यायालयाचा आदेश, आणि दुसरा पालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला. मूळ कागद हाताशी, प्रती चेक-इनच्या बॅगेत, फोटो फोनमध्ये.

मांडीवरच्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट आणि लागत असल्यास थांब्याचा व्हिसासुद्धा लागतो. मुलांच्या पासपोर्टची मुदत सहसा मोठ्यांपेक्षा कमी असते. पोचल्यावर सहा महिने उरतात ना ते तपासा. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन्‌अक्षर जुळलं पाहिजे. मांडीवरचं बाळ असेल तर ऑनलाइन चेक-इन अनेकदा होतच नाही, त्यामुळे काउंटरवर लवकर पोचा. परतताना मुलगा दोन वर्षांचा झालेला असेल तर त्या प्रवासाला स्वतःचं आसन सक्तीचं.

सांजवात

संमतीपत्रात परत येणं घालायचं माझ्या खरंच लक्षात आलं नव्हतं. शेवटचा प्रश्न तीन तास दहा मिनिटांच्या थांब्याचा. एवढा वेळ पुरेल का? आणि बाबागाडी मध्ये हातात मिळेल का?

गगनभरारी

वेळ पुरेल, पण पहिलं विमान तासभर उशिरा आलं तर घाई होईल. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर आहेत हे चांगलं; जोडविमान चुकलं तर पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीची राहते. ४८ तास आधी फोन करून मधल्या विमानतळावर मदतनिसाची नोंद करा, 'एकटी, दोन लहान मुलं' अशा शब्दांत.

उतरताना घाई नको. लोक उतरू द्या, मग खिसा, आसनाची फट, खालची जमीन हाताने चाचपा. मुलाचं लाडकं खेळणं तिथेच राहतं आणि नंतर मिळत नाही. उतरल्यावर आधी पुढच्या विमानाच्या दाराचा (गेटचा) फलक बघा, तिथवर चालत जा, आणि मगच टॉयलेट, दूध, खेळ. उलट केलं तर शेवटची वीस मिनिटं धावपळीत जातात, कारण दार कधीकधी रेल्वेने जायच्या इमारतीत असतं.

गाडीचं उत्तर तुमच्या हातातल्या टॅगवर आहे. दारात दिलेली गाडी कधी विमानाच्या दारात परत मिळते, कधी सरळ शेवटच्या ठिकाणच्या सामानाच्या पट्ट्यावर जाते. टॅगवर कुठल्या विमानतळाचं अक्षरसंक्षेप छापलं आहे ते तिथेच वाचा. थांब्यावर हवी असेल तर चेक-इनलाच सांगा आणि टॅग त्याप्रमाणे करून घ्या. घडी साधारण ५५ × ४० × २० सेंटीमीटरमध्ये येणारी गाडी काही कंपन्या वरच्या कप्प्यात नेऊ देतात, तसं असेल तर हा प्रश्नच उरत नाही. मिळेल न मिळेल, थांब्याचा सगळा हिशेब बाळ झोळीत आहे असं धरूनच करा.

गाडी देण्याआधी सुटे भाग, छत्री, कप, खालची टोपली काढून घ्या, चाकं पट्ट्याने बांधा आणि दारातच दोन बाजूंनी फोटो काढा. मोडून आली तर विमानतळ सोडण्याआधी सामानाच्या खिडकीवर लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्या. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार तोडफोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत, आणि सामान उशिरा मिळालं असेल तर ते मिळाल्यापासून २१ दिवसांत पोचली पाहिजे.

वाटीचमचा

एक राहिलं. पोचण्याच्या देशात फळं, मांस किंवा दुधाचे पदार्थ आणायला बंदी असू शकते, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तर बाळाचं उरलेलं खाणंही फॉर्मवर घोषित करावं लागतं. दुसऱ्या विमानात शेवटचं खाणं झालं की अर्धवट डबे कर्मचाऱ्यांकडे टाकायला द्या, मुलीच्या पिशवीचे खिसेही बघा. फॉर्म माणशी एक असेल तर तिन्ही विमानातच भरा, मुलं झोपलेली असताना. पेन जवळ ठेवा.